भुईटोल्याला दिलेली तारीख

सांगलीत आमची तीन माणसांची कंपनी आहे. मंगल कार्यालयांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. कोणत्या तारखेला कोणाचं लग्न, हॉल रिकामा कधी, ॲडव्हान्स कोणाचा आला आणि कोण नुसताच विचारून गेला, एवढाच त्याचा जीव. सांगली-मिरज-कोल्हापूर या टापूत ते बरं चालतं. पण मंगल कार्यालयं काही रोज नवी उघडत नाहीत. म्हणून माझा भागीदार सुहास आणि मी ठरवलं, तारखांवर जगणारा दुसरा एखादा धंदा शोधायचा. तो सापडला थेट वडशाला.

वडसा म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्याच्या तोंडाशी. इथे नाटक कंपन्यांची ऑफिसं रस्त्याला लागून आहेत, आमच्याकडे सराफांची असतात तशी. दिवाळीपासून होळीपर्यंत या कंपन्या पडदे, दिवे, भोंगे ट्रकात घालून गावोगाव जातात. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं, आणि गावात त्या दिवशी घरोघरी पाहुणे असतात. झाडीपट्टीचं हे नाटक मी कधी पाहिलं नव्हतं, आजही पाहिलेलं नाही. मी गेले होते ते विकायला.

एक वर्ष आम्ही लग्नाचं सॉफ्टवेअर नाटकासाठी बदलण्यात घालवलं होतं. निघताना सुहासनं स्पष्ट सांगितलं की या फेरीत एक तरी कंपनी गिऱ्हाईक झाली नाही तर हे प्रकरण इथेच मिटवायचं. त्याचं बरोबर होतं, त्यामुळे रागही आला.

सोमवार, ब्रह्मपुरी

नागपूरहून एसटीनं नागभीड करत ब्रह्मपुरीला उतरले तेव्हा दसरा होऊन गेला होता आणि ऊन मी म्हणत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान होतं. आपण ज्याला शेतात असल्यापासून भात म्हणतो, त्याला इथे तांदूळ होईपर्यंत धानच म्हणतात. लवकर येणारा हलका धान पिवळा पडला होता, उशिराचा भारी धान अजून हिरवा होता, आणि एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे हे दोन रंग दिसत होते.

स्टँडवर वनिता स्कूटी घेऊन उभी होती. ती ब्रह्मपुरीत मुलींसाठी कॉम्प्युटर क्लास चालवते आणि कमिशनवर आमचं काम बघते. वर्षभर आम्ही फक्त फोनवर बोललो होतो. मला वाटलं, बसल्या बसल्या उद्याच्या भेटींचं ठरवू. तिनं आधी घरी नेऊन सासूबाईंसमोर उभं केलं. सासूबाईंनी माझं माहेर, सासर, मुलं किती, भाऊ काय करतात हे सगळं विचारून घेतलं. सांगलीत गिऱ्हाईक आधी दर विचारतं आणि मग, जमलं तर, नाव. इथे उलटं होतं, आणि माणूस पास झाल्याशिवाय वस्तू पुढे सरकत नव्हती.

जेवायला वांग्यात सुके झिंगे घातलेली भाजी, लाखोळीची डाळ आणि ढीगभर भात होता. मी सवयीनं पोळीची वाट बघत राहिले. सासूबाईंच्या ते लक्षात आलं आणि माझ्या एकटीसाठी पोळ्या लाटल्या गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हात धुताना वनितानं मनातलं बोलून टाकलं. “ताई, इथी तुमच्या कंपनीले कोणी वळखत नाई. मले वळखते. उद्या काही बिघडलं तं माझंच नाव खराब होईन.”

काही बिघडणार नाही, असं मी सांगितलं. पंधरा वर्षं हेच सांगत आल्यामुळे ते फार सहज तोंडातून आलं.

मंगळवार, वडसा

वैनगंगा ओलांडली की वडसा. वनितानं ज्यांना शब्द दिला होता ते श्रावणभाऊ साठीच्या पुढचे, एकेकाळी खलनायकाची कामं केलेले. आवाज अजून तसाच. ऑफिसात एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर वर्षानुवर्षांची पोस्टरं आणि टेबलावर एक जाडजूड लाल डायरी होती. कंपनी म्हणजे ती डायरी, हे मला पाच मिनिटांत कळलं.

मी लॅपटॉप उघडून सगळं दाखवलं. श्रावणभाऊ तंबाखू-सुपारीचा खर्रा प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटत शांतपणे बघत होते. मग त्यांनी दर विचारला. महिन्याला दोन हजार, वर्षाचे एकदम दिल्यास सवलत, असं मी म्हणाले. हा दर आम्ही तीन आठवडे डोकं खाजवून काढला होता.

“जूनात मी चिखलात असतो,” ते म्हणाले. “माझा हिरो धानाच्या रोवण्यात, हिरोईन आपल्या गावी. तवा तुमचं मशीन काय करन?”

माहिती सुरक्षित ठेवील, असं मी सांगितलं.

“कोणापासून?”

वनिता खाली बघून हसली. मग श्रावणभाऊंनी मला त्यांच्या धंद्याचा हिशोब समजावला. त्यांच्याकडे सगळ्यांचा भाव रात्रीवर असतो. हिरोचा वेगळा, विनोदी नटाचा वेगळा, तबलजीचा, पडदेवाल्याचा वेगळा. नाटक झालं तर मिळतं, नाही झालं तर कोणालाच काही मिळत नाही. तेव्हा तुमचं मशीन नक्की कोणाचं काम करतं ते सांगा, म्हणजे भाव आपोआप निघेल.

मी जरा विचार करून म्हणाले, ते आठवण करून देतं. कोणती गोष्ट कधी, हे मागून सांगतं.

“मंग ते प्रॉम्टर झालं,” श्रावणभाऊ म्हणाले आणि विषय संपला. इथले नट आज एका कंपनीत, उद्या दुसऱ्या, तालमी फार होत नाहीत. विंगेत बसलेला प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो आणि नट ते रंगवून म्हणतो. तर एका प्रयोगाला प्रॉम्प्टरला जेवढे मिळतात तेवढे सॉफ्टवेअरला, असं ठरलं. बाहेर जाऊन मी सुहासला फोन केला. त्यानं हिशोब करून सांगितलं की हंगामाअखेर रक्कम आपल्या दराच्या जवळपासच येते, फक्त पावसाळ्यात एक रुपया येणार नाही. धंद्याच्या जगात दर कसा ठरवावा यावर मी बरंच वाचलेलं आहे. त्यातलं काहीही चहा थंड व्हायच्या आत संपलेलं नव्हतं.

मला इतका आनंद झाला की दुपारीच मी डायरी उतरवायला बसले. वनिता वाचत होती, मी भरत होते. गाव, तारीख, ती कधी धरली, नाटक, ॲडव्हान्स. डायरीच्या शेवटच्या पानावर तारीख मागून गेलेल्या, पण न मिळालेल्या गावांची नावं आणि फोन नंबर होते. तीही मी प्रतीक्षायादीत घातली. बऱ्याच गावांपुढे ॲडव्हान्सची जागा कोरी होती. मी श्रावणभाऊंना विचारलं. ते फोनवर होते, हातानं थांबा असं करत म्हणाले, “ते आपलेच गावं आहेत, राहू द्या.” मी राहू दिलं. आपले म्हणजे काय, हे विचारायला एक मिनिट लागलं असतं. ते मी विचारलं नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे, जिचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता. तारीख धरून सात दिवसांत ॲडव्हान्स आला नाही तर ती आपोआप मोकळी होते आणि प्रतीक्षायादीतल्या पहिल्याला अभिनंदनाचा संदेश जातो. नुसती तारीख अडवून बसणाऱ्या वरपित्यांनी कार्यालयवाल्यांच्या नाकी नऊ आणले होते, त्यावरचा हा उपाय. आमच्या माहितीपत्रकावर तो पहिल्या ओळीत छापला आहे. वडशाला येताना तो बदलायचं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

बुधवार, वडसा

दिवसभर वनिताबरोबर बाकीच्या कंपन्या फिरले. सगळीकडे चहा आणि सगळीकडे एकच उत्तर मिळालं, श्रावणभाऊकडे कसं चालते ते पाहू. एका ऑफिसात एक बाई पुढच्या नाटकाचे संवाद वहीत उतरवून काढत होत्या. त्यांनी मला विचारलं की तुमच्या गावात नाटक कोण बोलावतं. कोणी बोलावत नाही, नाट्यगृहात येतं आणि तिकीट काढून आम्ही जातो, असं मी सांगितलं. “मंग पाहुणे कोणाकडे येतात?” त्यांनी विचारलं. नाटकाला पाहुणे येत नाहीत हे त्यांना विचित्रच वाटलं.

चारच्या सुमाराला आम्ही परत श्रावणभाऊंकडे बसलो होतो, तेव्हा त्यांचा फोन वाजला. पलीकडे आलापल्लीच्या पुढच्या एका गावातल्या मंडळाचा सचिव, चिन्ना. गावाला मी भुईटोला म्हणते, कारण त्याचं आणि पुढे येणाऱ्या खैरटोल्याचं खरं नाव लिहायची माझी इच्छा नाही. चिन्ना बाजाराला आलापल्लीत आला होता, तिथे रेंज मिळाली आणि संदेश दिसला. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की आम्हाला सगळं ऐकू येत होतं. तीन वर्षं मागत होतो, भाऊ, शेवटी दिलीत. गावातले बाजाराला आलेत त्या सगळ्यांना सांगितलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. एवढं बोलून लाइन तुटली, आणि नंतर लागली नाही.

श्रावणभाऊंनी डायरी उघडून बघितली, बंद केली आणि माझ्याकडे बघितलं. भाऊबीजेचा दुसरा दिवस हा वैनगंगेकाठच्या खैरटोल्याचा. त्या दिवशी तिथे मंडई भरते, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आणि तिची तारीख आसपासच्या गावांनी मिळून ठरवलेली, हलत नाही. श्रावणभाऊंच्या वडलांपासून त्या रात्रीचं नाटक या कंपनीचं आहे. कंपनी एक, ट्रक एक, आणि दोन गावांत दिवसभराचं अंतर.

खैरटोल्यानं ॲडव्हान्स का दिला नव्हता, हे तेव्हा मला कळलं. पहाटे पडदा पडला की गावातली मंडळी ट्रकापाशी येतात आणि कंपनीच्या मालकाच्या हातात नारळ देतात. तो घेतला की पुढच्या वर्षीची रात्र त्या गावाची. पैसे नाटकाच्या दिवशी. डायरीत गावाचं नाव लिहायचं तेही केवळ सवय म्हणून. कोऱ्या जागा होत्या ती सगळी नारळवाली गावं होती, कंपनीची सगळ्यात पक्की गिऱ्हाइकं. त्यांच्या तारखा गेल्या हंगामातच धरलेल्या, सात दिवस केव्हाच उलटलेले, म्हणून माझ्या सॉफ्टवेअरनं त्या सगळ्या त्या दुपारी बारा वाजता मोकळ्या करून टाकल्या होत्या. नशीब एवढंच की प्रतीक्षायादीत त्यांच्यातली एकच तारीख मागितलेली होती.

श्रावणभाऊ आवाज चढवून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. “प्रॉम्टरनं वाक्य चुकीचं देल्लं तं मार नटाले बसते, बाई,” एवढंच ते म्हणाले. मी घाईघाईनं सुचवलं की तांत्रिक चुकीमुळे संदेश गेला असं आत्ताच कळवू.

“मेसेजनं देल्ली, आता मेसेजनंच हिसकता?” ते म्हणाले. “जाऊन बोला. त्याइनं नाई म्हटलं तं मी खैरटोल्याले काय तोंड दाखवू, ते मले माईत नाई.” जानेवारीतल्या दोन मोकळ्या तारखा त्यांनी कागदावर लिहून माझ्याकडे दिल्या.

वनिता केव्हाच उठून बाहेर गेली होती. ती स्कूटीवर बसली होती, चावी हातात, गाडी बंद.

गुरुवार, आलापल्ली

वडशाहून गडचिरोली, चामोर्शी, आष्टी. आष्टीपर्यंत वनिता माझ्याशी मोजून चार शब्द बोलली. तिथे स्टँडवर आलुबोंडे खाताना तिनं तोंड उघडलं. तिच्या क्लासला सोळा मुली येतात, खेड्यांतून, एसटीनं. त्यांच्या घरच्यांनी क्लास बघितलेला नाही, तिला बघितलेलं आहे. “श्रावणभाऊनं कोणाले काही सांगतलं नाई तरी लोकाइले समजतेच,” ती म्हणाली. “वनिताबाईनं आणलेल्या मशीननं मंडईचं नाटक बुडवलं. मंग कोणता बाप पोरीले पाठवन?”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “माफी मले नाई पायजे, तारीख पायजे.”

आष्टीच्या पुढे अवजड ट्रकांनी रस्ता पार खाऊन टाकला होता आणि बस खड्ड्यांतून मार्ग काढत चालली होती. आलापल्ली जवळ आली तसं साग सुरू झालं. सांगलीकडे साग म्हणजे शेताच्या बांधावर ओळीनं लावलेली काठीएवढी झाडं. इथल्या सागाला दोन माणसांनी कवेत घ्यायला हवं, आणि खाली उभं राहिलं की ऊन हिरवट होऊन येतं. दुसऱ्या कुठल्या कामासाठी आले असते तर मी तिथे तासभर बसले असते. तेव्हा मात्र मला फक्त एवढंच दिसत होतं की गाव अजून लांब आहे.

खानावळीत आमटीला चिंच होती, तिखट जास्त होतं, आणि मालक गल्ल्यावरून तेलुगूत कोणाला तरी रागावत होता. राज्य तेच, पण चव बदलली होती. वनितानं भात मागितला, मी पण भातच मागितला.

शुक्रवार, भुईटोला

हेमलकशाच्या रस्त्याला लागलेल्या जीपनं आम्हाला एका फाट्यावर सोडलं. तिथून चालत. एका ओढ्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वनितानं पळसाच्या मुळाची साल काढून तो बांधून दिला आणि पुढे चालायला लागली.

चिन्ना पस्तिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा. जोहार केला आणि कंपनीची माणसं जागा बघायला आली असं समजून तो आम्हाला सरळ मैदानावरच घेऊन गेला. भुईटोल्यात आजवर मोठ्या कंपनीचं नाटक झालेलं नव्हतं. त्यांनी झुडपं तोडून जमीन सारखी केली होती. कुंपणासाठी बांबू तोडून रचून ठेवले होते. बायका कुठे बसतील, ट्रक कुठून आत येईल, पाऊस आला तर काय, सगळं त्याच्या मनात तयार होतं. दोन दिवसांत एवढं काम झालं होतं. मी तासभर नुसती हो हो करत राहिले. इतकी भित्री मी कधी नव्हते.

शेवटी बांबूंच्या ढिगाशेजारी बसून मी त्याला सगळं सांगितलं. त्याचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. श्रावणभाऊंचा कागद त्यानं दोनदा वाचला. मग तो म्हणाला की याचं उत्तर त्याला देता येणार नाही. तारीख मंडळाला नाही, गावाला मिळाली होती, तेव्हा गाव बसेल आणि ठरवेल. आत्ता दोन घरची माणसं जंगलात गेली होती, ती संध्याकाळी परतणार. सगळे असल्याशिवाय बसायचं नाही. मी विचारलं, बहुतेक सगळे आहेत तर चालणार नाही का? तो म्हणाला, “मंग ते दोन घरं उद्या म्हणतील, आमाले कोणी इचारलं.”

आमच्या सॉफ्टवेअरला एखादी तारीख काढून घ्यायला डोळ्याचं पातं लवण्याएवढाही वेळ लागला नव्हता. ती परत मागायला एक पूर्ण गाव जमायची वाट बघत आम्ही चिन्नाच्या अंगणात बसून राहिलो. त्याच्या बायकोनं वास्त्याची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी केली होती. आंबील प्यायला दिली. ज्यांचं नुकसान करायला आलो त्यांच्याच घरी जेवताना घास उतरत नाही, पण उतरवावा लागतो.

शनिवार, भुईटोला

सकाळी मोहाच्या मोठ्या झाडाखाली गाव बसलं. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, दोन्हीकडून बोलणं सारखंच. बोली माडिया. चिन्ना मधे मधे आम्हाला सांगत होता.

मला उभं राहून सांगायला लावलं. मी सांगितलं की कंपनीकडे एक नवं मशीन बसवलं होतं, त्यात एक नियम होता, त्या नियमाप्रमाणे तारीख मोकळी झाली आणि तुम्हाला संदेश गेला. कोणी मुद्दाम केलेलं नाही. झालेला खर्च आमची कंपनी देईल, जानेवारीतलं नाटकही आमच्याकडून. मी बऱ्यापैकी नम्रपणे बोलले असं मला वाटत होतं.

बायांमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी काहीतरी विचारलं. चिन्नानं सांगितलं, “ती म्हणते, तारीख कोणी देल्ली?”

मी पुन्हा मशीनचं सांगायला लागले. त्यांनी मधेच थांबवलं आणि परत तेच विचारलं. या वेळी चिन्ना म्हणाला, “ती म्हणते, ज्यानं देल्ली त्यालेच वापस देता येते. कोणीच देल्ली नाई, तं वापस कोणाले देऊ?”

सगळे माझ्याकडे बघत होते. वनितापण. सात दिवसांचा नियम मी लिहिला होता. डायरीतल्या कोऱ्या जागांबद्दल विचारायचं मी टाळलं होतं. यात मशीन कुठेच नव्हतं, आणि मला त्या क्षणी खरोखर लाज वाटली. तीन दिवस मी ‘संदेश गेला’, ‘तारीख मोकळी झाली’ असंच बोलत होते.

“मी दिली,” मी म्हणाले. “खैरटोल्याची होती, आणि मी न विचारता तुम्हाला दिली.”

चिन्नानं ते माडियात सांगितलं. त्यानंतर ती माणसं बराच वेळ आपापसात बोलली. एक तरुण रागानं उठला, बांबूंकडे हात करून काही बोलला, परत बसला. मला काही कळत नव्हतं आणि कोणी सांगत नव्हतं. वनिता माझ्या शेजारी मातीत काडीनं रेघा ओढत होती.

शेवटी चिन्नानं निकाल सांगितला. दुसऱ्या गावाची रात्र घेऊन नाटक करायचं नाही. तारीख परत. जानेवारीतली दुसरी तारीख गावाला चालेल. पैसे नकोत. “फुकट नाटक नाई पायजे. बाकी गावं देतात तेवढेच आमी देऊ.” मग त्या म्हाताऱ्या बाई उठून माझ्यापाशी आल्या. गावात नारळ नव्हता. त्यांनी पानाच्या द्रोणात नव्या हलक्या धानाचे तांदूळ बांधले होते, ते माझ्या हातात दिले, आणि कंपनीच्या मालकाला द्या असं खुणेनं सांगितलं. वनिता रडायला लागली. मीही.

चिन्ना आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आला. वाटेत त्यानं सहज बोलावं तसं सांगितलं की बाजारातून त्यानं त्या दिवशी आणखी एक फोन केला होता. त्याची बहीण तेलंगणात एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. चार वर्षं गावाकडे आलेली नाही. नाटक आहे म्हटल्यावर तिनं मुकादमाकडून भाऊबीजेनंतरचे दोन दिवस मागून घेतले होते. जानेवारीत कापूस जोरात असतो, तेव्हा सुट्टी नाही.

मी विचारलं, नाटक नसलं तरी ती दिवाळीला येऊ शकेल ना? तो म्हणाला, तिच्या जागी येणारी बाई फक्त नाटकासाठी म्हणून कबूल झाली होती. बहीण नाटकाची फार वेडी आहे, हे त्या बाईला माहीत होतं. मी मुकादमाशी बोलू का, असं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

“तुमी खरं सांगतलं, तेवढं बस,” तो म्हणाला. जीप आली. तिला पुढच्या बाजारी फोन करून सांगेन, असं म्हणत त्यानं आमच्या पिशव्या आत ठेवल्या.

रविवार, वडसा

श्रावणभाऊंनी द्रोण दोन्ही हातांनी घेतला, गणपतीच्या फोटोपुढे ठेवला आणि डायरीत जानेवारीच्या पानावर भुईटोला लिहिलं. वनिताला ते म्हणाले, “गेल्ता न तुमी. लोकं तेवढंच पाह्यतात.” ठरलेला भाव तसाच राहिला. मी एका हंगामाचं काही घेणार नाही म्हटलं, तर त्यांनी ते उडवून लावलं. प्रॉम्प्टरला उपाशी ठेवलं तर तो आणखी चुकतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्याच टेबलावर बसून मी सात दिवसांचा नियम काढून टाकला. सुहास फोनवर वैतागला. माहितीपत्रकातली पहिलीच ओळ जाते म्हणाला, आणि मग तारीख सोडायची कोणी? माणसानं, मी म्हणाले. आता आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख देताना किंवा काढून घेताना एक रकाना भरावा लागतो, कोण देत आहे. तिथे नाव घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सांगलीच्या कार्यालयवाल्यांनी सुरुवातीला कुरकूर केली, नंतर त्यांनाही सवय झाली. वडशात त्या हंगामात आणखी दोन कंपन्यांनी सॉफ्टवेअर घेतलं. वनिताचा क्लास चालू आहे.

श्रावणभाऊंच्या यादीत भुईटोल्यापुढे दोन ओळी दिसतात. जानेवारीच्या तारखेपुढे, कोण देत आहे या रकान्यात, श्रावणभाऊंचं नाव आहे. तिच्या वर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची ओळ आहे, काट मारलेली, आणि तिच्यापुढे माझं नाव आहे. रद्द झालेल्या ओळी पुसायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुहासनं दोनदा विचारलं. मी ती ओळ ठेवली आहे.